सत्तावीस नंबरची हजेरी

१

नियम म्हणाल तर एकूण सात होते, आणि ते निवृत्तीला बापाच्या नावासारखे पाठ होते. कुत्रं पाळणाऱ्यानं नगरपालिकेतून नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा आणि पट्ट्यात ओवून कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा. बिनबिल्ल्याचं कुत्रं रस्त्यात दिसलं की जमादारानं त्याचा बंदोबस्त करायचा. पिसाळलेलं मेलं तर कमरेइतका खड्डा खणून चुना टाकून पुरायचं. मांजराला बिल्ला बांधायचा की नाही यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या, दोन्ही बैठकांत चहा झाला, आणि मांजर बिचारं होतं तसंच राहिलं.

हे सगळं धामणखेडचं. मेहकरच्या रस्त्यावरचं गाव, नगरपालिका नावाला. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली तरी रजिस्टरावर 'मुंबई राज्य' छापलेलं होतं. निवृत्तीनं त्यावर रेघ मारून वर बारीक अक्षरात 'महाराष्ट्र' लिहिलं होतं. तो आरोग्य खात्याचा जमादार. बंदोबस्त म्हणजे विषाच्या गोळ्या, आणि त्या टाकायला तोच जायचा. पहिल्या वर्षी त्याला जेवण जात नसे. नंतर जाऊ लागलं. वाईट वाटायचं बंद होऊन आता चार वर्षं झाली होती, आणि बंद झालं म्हणून बरंही वाटत नव्हतं.

खरा महत्त्वाचा नियम पाचवा. माणसाला चावलेलं कुत्रं मालकानं घरीच साखळीनं बांधायचं आणि जमादारानं दहा दिवस रोज सकाळी जाऊन ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचं. दहा दिवस जगलं तर माणूस सुटला. मधेच मेलं तर माणसाला त्याच दिवशी साडेनऊच्या गाडीनं बुलढाण्याला न्यायचं, आणि तिथं पोटात चौदा सुया.

आता प्रत्यक्ष डोळ्यांनी हे कागदावर ठीक आहे. पण सकाळच्या वेळी घरात बायामाणसं एकटी, कुत्रं बांधलेलं मागच्या खोलीत. परक्या पुरुषानं आत कुठवर घुसायचं? म्हणून आधीच्या जमादारापासून एक रीत पडून गेली होती. अंगणात उभं राहायचं, बिल्ल्याचा नंबर पुकारायचा, आतून साखळी वाजली की रजिस्टरात लिहायचं, हजर. दोन-तीन दिवसांत कुत्र्यालाही ते कळायचं. नगरपालिकेत सगळे हसायचे, म्हणायचे, शाळेतली पोरं नसतील इतकी आपली कुत्री हजेरीला पक्की आहेत.

२

त्या चैत्रात सत्तावीस नंबरचं कुत्रं चावलं, आणि चावलं ते निवृत्तीच्याच बायकोला.

चांगुणाला पाचवा महिना होता. आधीची दोन गेलेली. एक सातव्या महिन्यात, दुसरं पुऱ्या दिवसांचं, पण रडलंच नाही. दोन्ही वेळेला हाताशी होती ती सुईण झुंबरबाई, आणि त्या दोघांना फडक्यात गुंडाळून निवृत्तीच्या हातात देणारीही तीच. म्हातारी विधवा, पोटचं कुणी नाही. गोंड्या नावाचं तांबडं कुत्रं आणि चांगुणा, एवढाच तिचा संसार. या खेपेला तिनं चांगुणाला बजावून ठेवलं होतं, दर चार दिवसांनी माझ्याकडे यायचं, पाय चोळून देईन. तशी चांगुणा गेली, आणि गोंड्या तिच्या पोटरीला डसला.

"शेपटीवर पाय पडला तिचा," झुंबरबाई म्हणाली. "दुसरं काई नाई. गोंड्या कोनाले चावत नसते, निवृत्ती."

"हाव माय. पन नियम हाय."

"नियम हाय तर बांध बापा. मी कुठी नाई म्हणून राह्यली?"

निवृत्तीनं स्वतःच्या हातानं तिच्या मागच्या खोलीत, पार पलीकडच्या भिंतीशी, खुंटा ठोकला. चार हात साखळी लावली. गोंड्यानं त्याचा हात चाटला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणानं बराच वेळ धुतली. सुया घ्याव्याच लागल्या तर पोटातल्या बाळाला त्यानं काही होत नाही, असंही नीट समजावून सांगितलं. चांगुणानं मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर मात्र ती मधेच थांबली आणि दोन्ही हात पोटावर ठेवून म्हणाली, "मी नाई घेनार. चौदा सुया पोटात खुपसतीन अन् लेकरू राहीन काय? मले मारून टाका, पन मी नाई घेनार."

"काऊन घ्या लागतीन? दहा दिवस जाऊ दे."

"तुमी रोज जासान नं? डोयानं पाहासान?"

"माह्यं कामच हाय ते," निवृत्ती म्हणाला.

घरी गेल्यावर तिनं चुलीमागच्या भिंतीवर काजळाचं एक बोट ओढलं. असली दहा झाली की आपण सुटलो, असं तिनं ठरवून टाकलं.

३

पहिल्या दिवशी गोंड्यानं भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, निवृत्तीला पाहून शेपूट हलवलं. दार सताड उघडं होतं, अंगणातून सगळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी भाकरी अर्धी राहिली. ऊन कडक पडायला लागलं होतं. उन्हात माणसाचीसुद्धा भूक मरते, तिथं कुत्र्याचं काय.

तिसऱ्या दिवशी गोंड्या उठला नाही. निवृत्तीनं नंबर पुकारला तेव्हा त्यानं नुसतं डोकं उचललं. साखळी थोडी वाजली. तोंडाच्या कडेला काहीतरी ओलं चकाकत होतं आणि खालचा जबडा सैल लोंबत होता. असले जबडे निवृत्तीनं पुष्कळ पाहिले होते. गावात दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं, पण त्याला कळायला हवं होतं. त्याला कळलंच असणार.

"ऊन लय हाय," तो म्हणाला.

"हाव," झुंबरबाई म्हणाली. "ऊन हाय."

त्यानं लिहिलं, हजर. घरी चांगुणानं विचारलं, कसा हाय गोंड्या? मजेत हाय, तो म्हणाला. तिनं काजळाचं तिसरं बोट ओढलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

४

चौथ्या दिवशी खोलीचं दार बंद होतं. बाहेरून कडी. झुंबरबाई ओट्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, आणि हात कोपरापर्यंत पांढरे होते.

पांढरं दिसताच निवृत्तीचं डोकं कामाला लागलं. चुना आहे. बाई पान खाते, घरात चुना असायचाच. पण पानाला कोपरापर्यंत चुना कोण लावतं? मग भिंत पोतारली असेल. होळीच्या आधी नगरपालिकेच्या गोदामातून त्यानंच तिला पाटीभर चुना दिला होता, भिंतीसाठी म्हणून. बरोबर, भिंतच. भिंतीकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. परसात लिंबाखाली माती उकरलेली होती, तिकडेही नाही.

झुंबरबाईनं तोंड वर केलं. डोळे सुजलेले होते. काहीतरी बोलायला ती जुळवाजुळव करत होती, हे स्पष्ट दिसत होतं. आणि ते तिनं बोलू नये म्हणून निवृत्तीनं घाईघाईनं नंबर पुकारला.

"सत्तावीस!"

आत काही नाही.

"सत्तावीस नंबर!"

लिंबावर कावळा होता, तोसुद्धा गप्प. निवृत्तीला साडेनऊची गाडी आठवली. गाडीत चांगुणा खिडकीशी बसली आहे, हात पोटावर, त्याच्याकडे पाहत नाही, असं सगळं दिसून गेलं. त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, आणि ती जमादाराची हाक नव्हती, चक्क विनवणी होती.

"सत्तावीस, हाय का रे?"

आणि साखळी वाजली.

रोजच्यासारखी खळखळ नाही. एकच लांब आवाज, कुणीतरी ती जमिनीवरून सावकाश ओढत आणावी तसा. मग थांबला.

झुंबरबाईची मान दाराकडे वळली. एवढी सावकाश वळली की निवृत्तीला तिच्याकडे पाहवेना. तिचं तोंड उघडं होतं.

"काय म्हणता, माय?"

"काई नाई," ती म्हणाली. "साखळी वाजली."

"वाजली नं? तुमीबी ऐकली नं?"

"ऐकली बापा."

निवृत्तीनं कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं, हजर.

५

पाचव्या दिवशी झुंबरबाईनं चूल अंगणात आणली होती. आत धूर होतो म्हणाली. सहाव्या दिवशी तिचं अंथरूणही अंगणात होतं. दाराशी पाण्याचं भगुणं ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यात लिंबाचा मोहोर पडून तरंगत होता. सातव्या दिवशी भगुणं तसंच, मोहोर थोडा जास्त. निवृत्तीनं त्यालाही कारण शोधलं. एक भगुणं आत असेल, हे वरचं असेल. कारणं शोधायला त्या दिवसांत त्याला अजिबात त्रास पडत नव्हता. इकडे हात घातला की एक कारण सापडायचं, तिकडे घातला की दुसरं.

एका गोष्टीला मात्र कारण सापडेना. खुंटा त्यानं स्वतः ठोकला होता, पलीकडच्या भिंतीशी. तिथून दारापर्यंत नऊ हात. साखळी चार हात. आणि आवाज रोज दाराच्या जवळ येत होता. आठव्या दिवशी तर तो अगदी फळीच्या मागून आला, खालच्या अंगाला, गुडघ्याइतक्या उंचीवरून. आणि त्या दिवशी निवृत्तीनं अजून नंबर पुकारला नव्हता. तो नुसता अंगणात येऊन उभा राहिला होता.

खुंटा उपटला असेल, त्यानं मनाशी म्हटलं. जोरदार कुत्रं आहे. चांगलंच आहे की मग.

"माय," त्यानं विचारलं, "तुमी भाकरी देता नं त्याले?"

झुंबरबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

"चांगुणा कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी हाय. आज खीर केली तिनं."

"लेकरू फिरते का पोटात?"

"फिरते म्हणे."

"मंग झालं," झुंबरबाई म्हणाली. पदरानं तिनं तोंड पुसलं. "मंग लिही बापा तुयं."

घरी चुलीमागं काजळाची आठ बोटं झाली होती. चांगुणा गुणगुणत भांडी घासत होती. पोटरीची जखम भरत आली होती, नुसती खपली राहिलेली. तिचं सुख पाहून आपल्याला आनंद व्हायला हवा, हे निवृत्तीला समजत होतं. त्यानं वाट पाहिली. आनंद काही आला नाही, भीतीही आली नाही. दोन्ही कुठंतरी बाहेरच्या बाहेर थांबले होते.

६

दहाव्या दिवशी हजेरीवर भागत नाही. त्या दिवशी जमादारानं स्वतः पट्टा काढायचा आणि कुत्रं मोकळं करायचं, हा नियम सहावा. आरोग्य निरीक्षक वामनराव सकाळीच म्हणाले, "निवृत्ती, सुटलास लेका. पेढे आण आता."

"हाव साहेब," निवृत्ती म्हणाला आणि निघाला. चांगली लख्ख सकाळ होती. रस्त्यावर बैलगाड्या चालल्या होत्या, कुणीतरी त्याला रामराम घातला.

झुंबरबाई ओट्यावर होती. तो थेट दाराशी गेला, तेव्हा ती ताडकन उठली.

"नको उघडू बापा."

"पट्टा काढा लागते, माय."

त्यानं कडी काढली आणि दार ढकललं. उन्हाची एक पट्टी आत शिरली.

खुंटा जागच्या जागी होता, भिंतीशी, उपटलेला वगैरे काही नाही. तिथून साखळी निघाली होती, जमिनीवर न टेकता, ताणलेली, थेट दारापर्यंत. चार हात साखळीला नऊ हात कसे पुरले, हे त्या वेळी त्याच्या मनात आलंच नाही. साखळीच्या टोकाला पट्टा होता. बक्कल लावलेलं. पट्टा त्याच्यापासून वीतभर अंतरावर, गुडघ्याइतक्या उंचीवर, गोल उभा होता, आणि त्या गोलातून पलीकडची भिंत दिसत होती. पितळी बिल्ला खाली लोंबत होता. आत वारा नव्हता. बिल्ला जरा वर यायचा, जरा खाली जायचा, पुन्हा वर यायचा.

मग पट्टा वळला. निवृत्तीच्या हाताकडे.

त्यानं दार ओढून घेतलं. कडी लावली. किती पाहिलं असेल? पापणी लवेपर्यंत. पट्टा खिळ्याला टांगलेला असेल. उजेडातून एकदम अंधारात पाहिलं की काहीबाही दिसतं. हात कोरडा होता, तरी त्यानं तो धोतराला पुसला.

"चवथ्या दिवशी गेला तो," झुंबरबाई मागून म्हणाली. आवाज एकदम सपाट होता. "पहाटंच. लिंबाखाली पुरला म्या, चुना टाकून. तुले सांगासाठीच बसली होती. तू हाका मारल्या, अन् आतून साखळी वाजली. मी त्याले आपल्या हातानं माती देली होती रे. मंग मी कोन्या तोंडानं सांगू मेला म्हणून? अन् मले वाटलं, वाजते तर वाजू दे. पोरीचं लेकरू वाचन."

स्टँडवर गाडीचा भोंगा वाजला. साडेनऊला पाच कमी होते.

"आजबी गाडी हाय," झुंबरबाईनं त्याचा दंड धरला. "ने तिले. निवृत्ती, ऐक माह्यं, आजबी ने. पाया पडते तुह्या."

निवृत्ती उभा राहिला. पळत गेलं तर घर तीन मिनिटांवर होतं, ड्रायव्हर ओळखीचा होता, दोन मिनिटं थांबला असता. हे सगळं त्याला नीट कळत होतं. मग चांगुणाला सांगावं लागलं असतं की सहा दिवस मी न पाहता लिहिलं. आणि ती दोन्ही हात पोटावर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली असती. तो त्या पाहण्यापाशी पोचला आणि तिथून पुढं त्याला जाता येईना. नुसतं जाता येईना.

गाडी गेल्याचा आवाज आला.

"हजर होता, माय," तो म्हणाला. "तुमी ऐकलं, म्या ऐकलं. मेलेलं कुत्रं हजेरी देते काय?"

त्यानं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, जिवंत. सोडले. बिल्ला गहाळ.

जाताना त्यानं वाटेवरच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले. चांगुणानं दहावं बोट ओढलं, एक पेढा देवापुढं ठेवला, एक त्याच्या तोंडात घातला, आणि खूप रडली.

७

पाच आठवडे काही झालं नाही. सहाव्या आठवड्यात चांगुणा पोटरी खाजवू लागली. खपली कधीच पडून गेली होती, तरी खाजवायची. मग एका सकाळी निवृत्तीनं तांब्या पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं.

"नंतर पिते. गळा दाटून येते."

दुपारी तिला उजेड सोसेना, म्हणून त्यानं दाराला घोंगडं टांगलं. डॉक्टर आले, आत जाऊन आले आणि हात धुताना त्यांनी विचारलं, "कुत्रं दहा दिवस जगलं होतं ना?"

"हजर होतं, साहेब."

डॉक्टर त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, आता कुठंही नेलं तरी उपयोग नाही, अंधारात निवांत राहू द्या, पाण्याचा आवाज होऊ देऊ नका. निवृत्तीनं मान डोलावली. घरातले माठ, घागरी, सगळं उचलून त्यानं शेजारी नेऊन ठेवलं. झुंबरबाई येऊन चांगुणापाशी राहिली. निवृत्तीला तिनं आत येऊ दिलं नाही, आणि तोही फार आग्रह करत नव्हता. तो अंगणात बसायचा. आतून बांगड्या वाजायच्या, हात इकडून तिकडे आपटल्यासारख्या. वाजल्या की त्याला बरं वाटायचं. एवढंच एक काय ते अजून वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर तोंड धुऊन आला. आतलं दार ओढून घेतलेलं होतं आणि झुंबरबाई ओट्यावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे. हातात चांगुणाच्या हिरव्या बांगड्या होत्या, सगळ्या.

"निवृत्ती," ती म्हणाली, "बस बापा इथं."

तो बसला नाही. अंगणाच्या मध्यावर, रोज जिथं उभं राहायची सवय होती तेवढ्याच अंतरावर, तो उभा राहिला.

"चांगुणा!"

आत काही नाही.

"चांगुणा!"

झुंबरबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली होती. ती मान हलवून त्याला नको नको म्हणत होती. निवृत्तीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"चांगुणा, हाय का व?"

आतून बांगड्या वाजल्या.

झुंबरबाईच्या हातातल्या तशाच होत्या. एकही हलली नव्हती. तिनं मुठी घट्ट मिटल्या आणि सावकाश मान वळवून दाराकडे पाहिलं. आतून पुन्हा वाजल्या. या वेळी दाराच्या जवळून.

"ऐकलं नं, माय?" निवृत्तीनं विचारलं.

"हजर," निवृत्ती म्हणाला, आणि कानावर हात नेऊन पेन्सिल शोधू लागला.